इन्सिपिड विठोबण्णा

आमच्या शेजारचे विठोबण्णा खिशात मीठ घेऊन फिरत. डबी तपकिरीची, आत मीठ. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. गळ्यात टेप आणि छातीशी डबी असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. कुणाकडे जेवायला बसले की पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "इन्सिपिड." मग डबी बाहेर.

हा शब्द त्यांना इंग्रजीच्या एका प्रोफेसरांनी दिला. कोटाची ट्रायल देताना दुकानातली कॉफी पिऊन ते तसं पुटपुटले होते. विठोबण्णांनी तिथल्या तिथे अर्थ विचारून घेतला. सॅपिड म्हणजे चवदार, पुढे 'इन' लागलं की बेचव. नुसतं सॅपिड मात्र हल्ली कुणी म्हणत नाही. विठोबण्णांना ते फारच पटलं. म्हैसुरात सॅपिड म्हणण्यासारखं काही मिळतच नाही, तर म्हणणार कोण, असं ते आम्हाला सांगत.

मग काय, माणूस सुटलाच. करड्या रंगाचं सफारीचं कापड इन्सिपिड, ते घेऊन येणारं गिऱ्हाईकही इन्सिपिड. नंजनगूडची गाडी वेळेवर सुटली तर अख्खा प्रवास इन्सिपिड. एकदा भजनात नव्या बुवांनी अभंग संपवला, बायका डोळे पुसत होत्या आणि मागून तोच शब्द आला. बुवांना वाटलं शाबासकी आहे. त्यांनी वाकून नमस्कार केला.

हे सगळं मला माझ्या साखरपुड्यापर्यंत फार गमतीचं वाटायचं.

त्या दिवशी आई पहाटेपासून चुलीशी होती. नंजनगूडची पाहुणेमंडळी पंगतीला बसली. सारूचा पहिला घोट घेऊन विठोबण्णांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात विठ्ठलाचा धावा केला, उपयोग झाला नाही. "इन्सिपिड. स्वल्प उप्पू पाहिजे," असं म्हणून त्यांनी आपल्या सारूत मीठ टाकलं आणि डबी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपुढे धरली. सासऱ्यांनी चिमूटभर घेऊन ती पुढे दिली. डबी पंगतभर फिरली. शेवटी सासूबाईही म्हणाल्या, "हौदु, खरंच सप्पे आहे, अळणी." आई दारात उभी राहून बघत होती.

गडबडीत डबी आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी आईने ती माझ्या हातात कोंबली. ही परत कर, आणि आमच्या घरात तुमचं पान पुन्हा मांडणार नाही असं त्यांच्या बायकोसमोर, गोदाक्कांसमोर सांग, म्हणाली. मीही तणतणतच गेले.

नवरा-बायको जेवत होते. गोदाक्कांनी माझं काही ऐकून न घेता मला पानावर बसवलं. मी सारू तोंडात घेतलं आणि थांबले. मिठाचा कण नव्हता. भातात नाही, भाजीत नाही.

गोदाक्का ओशाळल्या. "मला डॉक्टरनं मीठ बंद केलंय, दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी कुणाकडे जेवायला जात नाही. त्याच आठवड्यात ह्यांनाही बीपी निघालं बघ. नाहीतर एकटीला हे घशाखाली उतरलं नसतं गं."

मी विठोबण्णांकडे पाहिलं. ते माझ्या मुठीतल्या डबीकडे बघत होते. भर पंगतीत बिनदिक्कत निकाल देणारा हा माणूस, पण इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम त्यांची फार माया आली. मी मूठ ओढणीखाली घेतली.

"सारू कसं झालंय हो?" गोदाक्कांनी विचारलं.

"सॅपिड," विठोबण्णा म्हणाले. "आणखी वाढ."

ते मला सोडायला दारापर्यंत आले. "बीपी-गीपी काही नाही मला," ते हळूच म्हणाले. "तिला सांगू नको, पुट्टी."

डबी तशीच घेऊन मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. मग तिने डबी उघडली. पंगतीत फिरून ती रिकामी झाली होती. आईने ती मिठाने काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट दाबून माझ्याकडे दिली.

"दुकानावर नेऊन दे," ती म्हणाली. "घरी नको."