हटवारकाकांचं फाउंडेशन

सगळे दात काढून घरी आलेल्या माणसाला भेटायला मी ठेठरी घेऊन गेलो. ठेठरी म्हणजे आमच्या छत्तीसगडची बेसनाची कडक वळी. बत्तीस दात शाबूत असलेला माणूससुद्धा तिचा आधी एका कोपऱ्यातून अंदाज घेतो. बायकोने दोन डबे भरले होते. एक शिऱ्याचा, काकांसाठी. दुसरा ठेठरीचा, उतई गावी तिच्या भावाकडे द्यायचा. मी चुकीचा उचलला, एवढंच.

हटवारकाका रागावले नाहीत. त्यांनी एक ठेठरी घेतली, टेबलावर टक्‌टक्‌ वाजवली आणि तोंडावरचा रुमाल बाजूला करून म्हणाले, "माल पक्का आहे, सुनील. आमचं फाउंडेशनच तयार नाही अजून."

हटवारकाका हुडको कॉलनीतले आमचे समोरचे शेजारी. मूळचे भंडाऱ्याकडचे. सारी नोकरी स्टील प्लांटच्या सिव्हिल खात्यात, मशीनखालची फाउंडेशनं तपासण्यात गेली. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात बोटभर स्पिरिट लेव्हल अजून आहे. दिसेल त्या सपाट जागेवर ते ठेवायचं आणि त्यातला बुडबुडा मध्ये येतो का बघायचं, हा त्यांचा छंद. आमचा फ्रिज, गणपतीचा चौरंग, कुणाची सुटका नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांच्या जेवणाच्या टेबलावर लेव्हल ठेवलं. "एक सूत उतार आहे तुमच्याकडे. वरण तिकडंच येईल." व्याही जेवण होईपर्यंत ताटाला एक हात लावून बसले होते.

त्यांचं ब्रीदवाक्य एकच, "पहिले फाउंडेशन, मग मशीन." आणि शिवीही एकच, "टेम्परवारी." कॉलनीतला बुजवलेला खड्डा टेम्परवारी. माझ्या केसांचा काळा रंग टेम्परवारी.

तर दात. उरलेले नऊ हलायला लागले तेव्हा मीच त्यांना गाडीतून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिने फोटो बघून सांगितलं, "बाबूजी, दाँत तो निकल जाएँगे, पर नीचे की हड्डी ऊँची-नीची है, कहीं-कहीं नुकीली भी. पहले उसको समतल करना पड़ेगा. नहीं तो नए दाँतों का सेट हिलेगा, चुभेगा."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, आप प्लांट में किस डिपार्टमेंट में थीं?"

बाई हसली. काका हसले नाहीत. आयुष्यभर ठेकेदारांशी जे भांडण केलं, ते न भांडता समजणारं माणूस त्यांना सत्तरीत भेटलं होतं.

मग दोन खेपांत दात निघाले, हाडाची टोकं घासून सारखी झाली, वर हिरडी शिवली गेली. बाहेर बसलेल्या मला त्या घासण्याचा नुसता आवाज ऐकून घेरी आली आणि कंपाउंडरने ग्लुकोजचं पाणी पाजलं. काका मात्र गालावर बर्फ धरून चालत बाहेर आले. घरी आल्या-गेल्याला आ करून दाखवत. "पहा, एकदम लेव्हल! आता क्युरिंग, पक्कं होऊ द्यायचं. मॅडम म्हणते तीन महिने. मी म्हटलं, चार घ्या. कच्च्या फाउंडेशनवर मशीन चढवत नसतो आपण."

अडचण झाली ती घरात. काकूंना दोन-तीन वर्षांपासून विसरायला होतं. दात गेल्यावर काकांचे गाल आत गेले, हनुवटी नाकाजवळ आली, आणि भिंतीवरच्या फोटोतल्या त्यांच्या वडिलांचं तोंड जसंच्या तसं खाली उतरलं. काकूंनी पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"मामाजी, केव्हा आले? पाय धुवाले पाणी देऊ?"

सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. त्या दिवसापासून काकू खाली मान घालून बोलायला लागल्या. चहा बशीसकट, दोन्ही हातांनी. मऊ भातावर तूप. काकांनी पहिल्या दिवशी समजावलं, "अवं, मीच आहो!" तर त्या बिचाऱ्या घाबरून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मग त्यांनी नाद सोडला.

"बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा इज्जत भेटून राहिली," काका मला फाटकाशी म्हणाले. "काल पाया पडली. मी आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती भव. आता माझीच गॅरंटी मी नाही तं कोण देईन?"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली नाही, पोळी लाटत राहिली. मला वाटलं, विनोद सांगण्यात कमी पडलो.

पाचव्या आठवड्यात काका म्हणाले, मॅडमकडं चल. तिने हिरडी दाबून पाहिली. "बढ़िया भर रहा है. बस, दो महीने और."

काका खुर्चीवरून उठेनात. खिशाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तब तक कुछ टेम्परवारी बिठा दो."

मला वाटलं, माझ्या कानात काही गेलं.

"बाबूजी, आप ही तो कहते थे…"

"कहता था." मग माझ्याकडे वळून, मराठीत, जणू मीच कवळी बसवणार होतो, "ती रोज साडेपाचले फाटकाशी जाते रे. मले विचारते, मामाजी, तुमचा मुलगा कावून आला नाही अजून ड्युटीवरून? आता येईन, म्हणतो मी. अंधार पडेपर्यंत उभी राहते. तो जेवल्याबिगर जेवत नाही म्हणते. समोर बसून मी मऊ भात खातो, अन् ती माझी वाट पाहते."

बाईने माप घ्यायचा साचा काढला. खाली नरम अस्तर लावून कामचलाऊ सेट करून देते म्हणाली. जबडा भरला की पक्का वेगळा.

आठ दिवसांनी सेट घ्यायला निघालो तेव्हा काकांच्या हातात ड्युटीचा जुना डबा होता. रिकामा. मला वाटलं, दात त्यात घालून आणायचे असतील. पण दात तोंडातच बसले. बाईने आरसा दिला. काकांनी आरशात स्वतःला नीट ओळखून घेतलं. खिशातलं लेव्हल बाहेर आलंच नाही.

परतताना त्यांनी मला हुडकोच्या वळणावर गाडी थांबवायला लावली. घड्याळ पाहिलं. साडेपाचला पाच कमी. केस विंचरले, शर्ट खोचला, डबा हातात घेतला आणि पायी निघाले. मी मागून हळूहळू गाडी आणली.

काकू फाटकाशी होत्या. पदर खांद्यावर.

"उशीर कावून केला?"

"शटडाऊन होतं." शटडाऊनमधल्या श ला शिट्टी वाजली.

"रोजचंच तुमचं शटडाऊन!" काकूंनी डबा हिसकून घेतला, हलवून पाहिला. "अन् मामाजी दिसून नाही राहिले. चहा ठेवला होता त्यांच्यासाठी."

"गावाले गेले."

"सांगून तं जायचं माणसानं."

"मी पितो तो चहा."

"तुमाले कप मिळन. बशी त्यांचीच आहे."

काका माझ्याकडे न बघता आत गेले. इज्जत गेली होती, चालणं मात्र ऐटीत होतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. या खेपेला विनोद न करता.  तिने माझ्या गालाकडे पाहिलं, जिथली दाढ दिवाळीपासून हलते आहे आणि जी मी तिच्यापासून लपवली होती.

"उद्याच त्या बाईले दाखवून या," ती म्हणाली. "मले आता या वयात सासरा नको."