सव्वादोन इंची वाट

बाजारातून नव्या झेंड्या आणण्याऐवजी वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, ट्रंकेतल्या जुन्या वापरायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. माणसाने आयुष्यात एवढीही काटकसर करू नये का? करू नये. हे मी आता ठामपणे सांगू शकतो. ठामपणे सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं उरलेलं नाही.

मी दोन वर्षं ऑस्ट्रियात शिकून आलो. विषय, ग्रामीण पर्यटन. (आमच्या कळंबमध्ये हे ऐकून लोक लगेच विचारतात, "आन् नोकरी?") तिकडे डोंगरउतारावर द्राक्षबागा, खाली निळी तळी आणि मधून सायकलींच्या अरुंद वाटा. सत्तरीच्या आजीबाई हेल्मेट घालून माझ्या शेजारून सुळकन पुढे जायच्या. मी धापा टाकत विचार करायचो, हे सगळं आपल्याकडेही आहे! डोंगर आहेत (बरं, टेकड्या). तळी आहेत (पाझर तलाव, पण मार्चपर्यंत तळीच की). द्राक्षबागा तर घरामागेच सुरू होतात, आणि टेकडीवर एक छोटी वायनरीसुद्धा आहे. नाही ती फक्त वाट. ती मी आखणार होतो. माळावरून निघून, दोन तलावांना वळसा घालून, बागांमधून थेट वायनरीपर्यंत. बावीस किलोमीटर.

"म्हणजे सायकल मारत दारू प्यायला जायचं," नानांनी एका वाक्यात माझा प्रबंध गुंडाळला. "सायकल कशाला लागती रे त्याला? आपल्या गावात लोक चालतच जात्यात."

नाना रोज सकाळी पंचशील म्हणतात आणि पाचव्या शीलाला, म्हणजे व्यसनाच्या शीलाला, माझ्या खोलीकडे तोंड करून आवाज वाढवतात. शेवटी तह झाला. वाट वायनरीच्या फाटकाबाहेर संपेल आणि तिथे सगळ्यांना द्राक्षाचा रस मिळेल.

दुसरा तह बायकोशी, रश्मीशी. रश्मी भवानीनगरला शाळेत शिकवते, आणि गेलं वर्षभर घर तिच्या पगारावर आणि माझ्या उत्साहावर चाललंय. म्हणजे पगारावरच.

"अहो, एक रविवार," ती म्हणाली. "पुण्याचा तो सायकल-सहली काढणारा ऋषिराज माणसं घेऊन येतोय ना? त्याला वाट पसंत पडली तर मी जन्मात काही बोलणार नाही. नाही पडली, तर सोमवारी सकाळी आठला बारामतीत तलाठी भरतीचा क्लास."

फॉर्म तिने भरूनच ठेवला होता. फोटोही चिकटवला होता. माझी फक्त सही बाकी होती. एकतिसाव्या वर्षी, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी, परदेशी पदवी बाकाखाली लपवून बसायचं! मी बुधवारी पहाटेच वाट आखायला चुन्याच्या फक्कीचं पोतं उचललं.

आता नानांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नाना तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. ट्रंकेतल्या लाल-पांढऱ्या झेंड्या त्याच खात्यातल्या. मी फक्की ओढतोय, नाना मागे उभे राहून एक डोळा मिटून झेंडी सरळ आहे का बघतायत, डोक्याला जुनी खाकी टोपी. (ऊन होतं म्हणून. फक्त ऊन होतं म्हणून.) पंधरा मिनिटांत बांधावर दत्तोबा हजर.

"जय भीम, गंगारामराव! परत बोलावलं व्हय खात्यानं?"

"न्हाय ओ. पोराचं काम हाय. सायकलची वाट."

"सायकलची," दत्तोबा म्हणाले आणि हळूच हसले. "बरं बरं. सायकलची."

नंतर मला कळलं की आमच्या भागात खात्याचा माणूस 'काही नाही' म्हणाला की काम मंजूर झालंय असं समजतात. तो 'येणार आहे' म्हणाला तरच काळजी करायची.

दुपारपर्यंत मला चार ठिकाणी चहा झाला. पाचव्या ठिकाणी दगडाबाईंनी घोंगडी अंथरली. या ऐंशीच्या पुढच्या. वाट त्यांच्या बांधाला फक्त घासून जात होती. मी त्यांना मोठ्या तळमळीने सगळं समजावलं. गावाचं सौंदर्य, बाहेरून येणारी माणसं, तरुणांना रोजगार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"किती इंची हाय?"

मला भरून आलं. टायरची रुंदी विचारणारी ही पहिली व्यक्ती!

"सव्वादोन इंची, आजी."

"एवढ्यानं काय भागतंय बाबा? चार इंची तरी टाका."

"चार इंची वाळूसाठी असतात, आजी. आपल्या मातीला सव्वादोन पुरे."

त्या नातसुनेकडे वळून म्हणाल्या, "पोरगं शिकल्यालं हाय, मातीचंबी बघतंय."

मी निरोप घेताना सगळ्यांना जे सांगत होतो तेच त्यांनाही सांगितलं, "ही वाट तुमचीच समजा." (माझ्या प्रबंधात लोकसहभागावर चाळीस पानांचं प्रकरण आहे. त्याचं हे सार.)

शुक्रवार-शनिवार मी बारामतीत हेल्मेटं जमवत होतो. शनिवारी रश्मी म्हणाली, "उद्या लोक येतायत. एकदा वाटेवरून चक्कर टाकून या."

"रश्मी, लोकांवर विश्वास टाकायला शिकलं पाहिजे."

तिने कपाटाकडे पाहिलं. फॉर्म कुठे ठेवलाय ते आठवत असावी.

रविवारी ऋषिराज आठ सायकलस्वार घेऊन आला. मी सगळ्यांच्या मागे. कुणी मागे पडलं तर बघायला एकाने शेवटी राहायचं असतं. (मी मागेच पडतो, त्यामुळे हे काम मला सोपं गेलं.) पहिले दोन किलोमीटर सुरेख. सकाळचं ऊन, तलावात बगळे, ऋषिराजने वळून अंगठा दाखवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पुढची झेंडी डावीकडे वळली.

माझ्या आखणीत डावीकडे काही नव्हतं. डावीकडे दत्तोबांचा मका होता.

मक्यातून सरळ पांढरी फक्की गेलेली, माझ्यापेक्षा सरळ. पलीकडे विहिरीपाशी दत्तोबा फेटा बांधून उभे.

"या सायब! हितं विहिरीत सोडलं तरी चालंल. पुढचं आमी बघतो."

"काय सोडलं तर?" ऋषिराजने विचारलं.

"दत्तोबा, झेंड्या कुणी हलवल्या?" मी ओरडलो.

"हलवल्या कुठं? जरा सरकवल्या. तुमीच म्हणला न्हवं, तुमचीच समजा?"

तिथून पुढे झेंड्या एकेका रानात शिरत होत्या. डाळिंबाची बाग, पोल्ट्रीची शेड, कुणाच्या तरी नव्या घराचा पाया. प्रत्येक ठिकाणी चहा. दगडाबाईंकडे तर वाट सरळ गोठ्यात गेली. त्यांनी पहिल्या सायकलच्या चाकाला हळदीकुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला आणि त्या सायकलवरच्या, ऋषिराजबरोबर आलेल्या सोनमची ओटी भरली. मग बोटं लावून टायर मोजलं.

"सव्वादोनच भरतंय की गं," त्या निराश होऊन म्हणाल्या.

वायनरी तीनदा दिसली, दर वेळी आधीपेक्षा लांब. बाविसाचे चौतीस किलोमीटर झाले. दुपारी एकच्या उन्हात झेंड्या एकदाच्या टेकडी सोडून खाली उतरल्या. आम्हीही मागोमाग उतरलो. ऊस ओलांडला, एक ओळखीचं लिंबाचं झाड आलं, ओळखीची दोरी, दोरीवर माझाच शर्ट. शेवटची झेंडी मेथीच्या वाफ्याच्या बरोबर मधोमध होती. शेजारी बादली घेऊन आई उभी.

"आई, ही झेंडी इथे कुणी लावली?"

"म्या लावली. कोण लावंल दुसरं?"

"अगं, तुला तर माहीत होतं! आठ दिवस जेवताना मी तेच सांगतोय, ही सायकलची वाट आहे!"

"ठावं हाय की. म्या काय येडी हाय व्हय?" आई शांतपणे म्हणाली. "पर समद्या गावानं आपापल्या रानात वळवून घेतली. उद्या खरंच पाणी आलं, आन् कालव्याच्या सायबाच्याच घरी न्हाय, तर लोक काय म्हणतील?"

मी नानांकडे पाहिलं. नाना एक डोळा मिटून टेकडीकडे बघत होते.

"उतार मात्र बरोबर धरलाय तुज्या आईनं," ते म्हणाले.

ऋषिराज बाजेवर बसून सातवा चहा पीत होता. भला माणूस. म्हणाला, "तुमच्याकडची माणसं फार गोड आहेत. पण ही वाट दर वेळी इथेच संपेल का?"

मला खोटं बोलवेना. "सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग पुढच्या सीझनला बघू." त्याने हेल्मेट गाडीत टाकलं.

रश्मीने फक्त पेन पुढे केलं. टोपण आधीच काढलेलं होतं.

सोमवारी आठ वाजता मी शेवटच्या बाकावर होतो. क्लासचे सर सावळाराम नावाचे, कडक. पहिलाच विषय जमिनीच्या हद्दी. फळ्यावर प्रश्न आला, 'हद्दीच्या खुणा हलवल्यास जबाबदार कोण?' मी वहीत 'आई' असं लिहिलं, मग खोडलं.

तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. पोरांना जाऊ दिलं, दार लोटलं, दोन चहा सांगितले.

"कळंबचे ना तुम्ही? गंगाराम साहेबांचे चिरंजीव?"

"हो. पण सर, ती सायकलची..."

"सायकलची, सायकलची," सर हळूच हसले. "आमचं कन्हेरीला अडीच एकर आहे. लाईन जरा तिकडं वळवता आली तर बघा."

कन्हेरी आमच्या वाटेपासून कितीतरी लांब. ऑस्ट्रिया, चाळीस पानं, लोकसहभाग, सगळं सांगायला मी तोंड उघडलं. पाय चौतीस किलोमीटरने दुखत होते. चहा आला.

"किती इंची पाहिजे?" मी विचारलं.