दोरीचे पेन आणि चौसष्ट प्रोसेसर

चार हात लागले की काम लवकर उरकते, हे सत्य इतके सर्वमान्य आहे की आजवर कोणी ते तपासून पाहिलेले नाही. चौसष्ट प्रोसेसरना एकाच वेळी कामाला जुंपणारी संगणकभाषा हवी, असे खात्याच्या मनात आले, तेव्हा म्हणूनच सात जणांची समिती नेमली गेली. (भाषा समितीतल्या एकट्या बाईच लिहीत होत्या. उरलेले सहा समांतर होते.)

बाईंना नऊ वर्षे लागली. येत्या शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या, आणि नियमाप्रमाणे मंजुरी न मिळालेला मसुदा लिहिणाऱ्याबरोबरच निवृत्त होतो. आपली भाषा एकदा, फक्त एकदा चाललेली पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

समितीची कार्यपद्धती आदर्श होती. प्रत एकच. ती सगळे मिळून वाचत, आणि सर्वांत सावकाश वाचणाऱ्याने मान डोलावली की पान उलटत. (वेग : आठवड्याला दोन पाने, सुट्टीच्या आठवड्यात तीन.) हरकत एकाच कलमावर आली, प्रोसेसर एकमेकांसाठी अडून बसू नयेत म्हणून बाईंनी घातलेल्या : 'पुढचे मिळत नसेल तर हातातले आधी सोडावे.'

"हातातलं सोडायला आपण काय वेडे आहोत, बाई?" अध्यक्ष म्हणाले. कलम एकमताने गाळले.

शुक्रवारी घोडे नेमके तिथेच पेंड खाऊ लागले. सहीचे पेन टेबलाला दोरीने बांधलेले. ते अध्यक्षांच्या हातात. फाइल सचिवांच्या काखेत.

"फाइल द्या, सही करतो."

"बिनशिक्क्याची फाइल मी सोडत नसतो, साहेब."

दोघेही अतिशय सभ्यपणे थांबले. चहा आला, निवला, परत गेला. बाईंचा जीव तीळतीळ तुटत होता.

"अहो, सोडा ना कुणीतरी!"

पाचाला दोन मिनिटे असताना शिपाई कुलूप घेऊन आला. "पण बाई, शिक्का कुठंय?"

शिक्का बाईंच्याच मुठीत होता. सहीआधी शिक्का उठवायचा नाही, ही शिस्त त्यांनी नऊ वर्षे पाळली होती. त्यांनी मूठ उघडली, तेव्हा पाच वाजून एक मिनिट झाले होते.

वाचकहो, खुशाल हसा. फक्त ज्या माणसाशी तुम्ही कधीपासून बोललेला नाहीत, आणि 'आधी त्याने फोन करावा' म्हणून थांबला आहात, तो आत्ता तिकडे काय करत असेल, तेही सांगा. (फोन तुमच्याच हातात आहे.)