चार मजल्यांचा शुभशकुन

वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांना सगळेच सांगतात: पुस्तके जुनी घ्या, झोप पुरेशी घ्या, घाबरू नका. मी एकच सांगतो. पहिल्या दिवशी कुठे निघालात, हे इमारतीत कुणालाही कळू देऊ नका.

माझी तयारी निर्दोष होती. कोट इस्त्रीचा, बूट नवे, कवटीची सगळी हाडे तोंडपाठ. शरीररचनेच्या प्राध्यापिका कुंचेवा आठला दार आतून लावून घेतात आणि बाहेर राहिलेल्याला वर्षभर विसरत नाहीत, असे ऐकून होतो; म्हणून मी सातलाच निघालो.

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या उंबरठ्यावर झ्लाटका आत्याने तांब्याच्या कळशीतले पाणी माझ्या पुढ्यात ओतले. काम पाण्यासारखे वाहते व्हावे म्हणून आमच्याकडे ओततात. मी कुरकुरलो नाही. पण आत्याने आदल्या दिवशी जिनाभर बातमीही ओतून ठेवली होती.

तिसऱ्या मजल्यावर रंगेल काका (हे नाव, स्वभाव नव्हे) बादली घेऊन उभे होते.

"काका, नको. आत्यानं ओतलंय."

"कळशीभर? तेवढ्यात दाताचा डॉक्टरही होत नाही कुणी." त्यांनी बादली उपडी केली. "आता माझा गुडघा बघ."

"मी अजून काही शिकलो नाहीये."

"म्हणूनच फुकट दाखवतोय."

नाही म्हणण्याचे धैर्य मला जन्मतःच कमी मिळाले आहे. ओल्या पायरीवर बसून मी तो गुडघा पाहिला.

दुसऱ्या मजल्यावर पेन्का मावशींनी बाल्कनीतल्या फुलझाडांची नळीच जिन्यात आणली होती.

"मावशी, बंद करा ते!"

"ओरडू नकोस रे यासेन. डॉक्टरला शोभत नाही."

वरच्या मजल्यांचे आशीर्वाद एकवटून माझ्यामागे उतरत होते. कोवळे ऊन त्या पाण्यात इतके सुंदर थरथरत होते की डोळे भरून आले, रागाने. नव्या बुटांचे तळ किती गुळगुळीत असतात, हे कुठल्याच मार्गदर्शनात नसते. पहिला मजला मी पाठीवरून उतरलो.

लंगडत ट्रॉलीबस गाठली. पोहोचलो तेव्हा कुंचेवाबाई दार लावतच होत्या.

"उशीर."

"मॅडम, पाय…"

त्यांनी भोपळ्यासारखा सुजलेला घोटा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आत या. टेबलावर चढा. मुलांनो, सांगाड्याला दुखत नाही, याला दुखतं. कुठे, ते विचारायचं नाही, शोधायचं."

सगळ्या वर्गाने शोधले. वर्गमित्रांच्या बोटांशी माझी ओळख आधी झाली, नावांशी नंतर.

संध्याकाळी प्लास्टर घालून परतलो तेव्हा इमारत जिन्यातच थांबली होती. मुखदुर्बळ माणसाने आयुष्यात साठवलेला सगळा राग मी तिथे मोकळा केला. "तुमच्या पाण्यानं माझं हाड मोडलं. कळतंय का? हाड!"

आत्याने प्लास्टरवरून हात फिरवला, सुस्कारा टाकला आणि रंगेल काकांकडे वळली.

"बघितलंत? मी म्हणत होते, कमी पडलं."

उद्या खिडकीतून उतरावे, असा माझा विचार होता. पेन्का मावशींची नळी तिथवर पोहोचते.