महादीपकाचा कौल

रविवारी दुपारी जेवण आटोपलं की दत्तराव गुरुजी गल्लीकडच्या खोलीत शिरायचे, आतून कडी लावायचे आणि बायकोची जुनी जांभळी शाल खांद्यावर घ्यायचे. गावाला सांगितलेलं होतं की गुरुजींचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं. सरकार मास्तरांना कधी काय शिकवील याचा नेम नाही, त्यामुळं गावानं ते मान्य करून टाकलं होतं. खरं काय ते एकट्या राजेश्रीबाईंना ठाऊक, आणि त्यांनी ते माहेरीसुद्धा कळू दिलं नव्हतं. नवरा दारू पितो हे एखादी बाई सांगेल तरी. नवरा पुजारी-पुजारी खेळतो हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तर गुरुजी खेळायचे. रेल्वेत नोकरीला असलेला पूर्णेचा बालाजी फोनवरून गोष्ट रचायचा. गुरुजी आणि गंगाखेडच्या साखर कारखान्यातली अर्पिता त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलायची, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडला तर सोनं, एक पडला तर सत्यानाश. त्या गोष्टीत एक धर्मपीठ होतं, सात दिव्यांचं. त्यात गुरुजी लागले ते वातवळ्या म्हणून. वातवळ्यानं नुसत्या वाती वळायच्या, बोलायचं नाही. पुढं ते तेलवाले झाले, मग काजळीबुवा झाले आणि आता थेट महादीपक, पीठाचे प्रमुख. पापी माणसानं सगळ्यांदेखत कबुली द्यायची, महादीपकानं त्याच्या कपाळाला काजळी लावून प्रायश्चित्त सांगायचं, असा तिथला रिवाज. जिल्हा परिषदेत मुख्याध्यापकाची बढती हुकली ती हुकलीच, पण इथं गुरुजींच्या शब्दाला राजे झुकत होते.

आणि हेच गुरुजी शाळाशाळांतून भोंदूगिरीविरुद्ध प्रयोग करत हिंडायचे. लिंबातून रक्त काढून दाखवायचे आणि मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचे. आता बोला.

त्या रविवारी गोष्टीत अर्पिता जी पोर झाली होती, ती गड सोडून दूरदेशी विद्या शिकायला निघाली होती. महादीपकाचा आशीर्वाद मागत होती. गुरुजींनी फासा टाकला. एक पडला. खेळ तो खेळ, गुरुजींनी पोटातून आवाज काढला, "पोरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये. टाकलं, तर घरातला दिवा विझेल." अर्पिता हळहळली, बालाजीनं वाहवा केली. गुरुजी खूश होऊन चहाला उठले.

खिडकीखाली मेंढरंवाली भिवराबाई उभी होती, हे त्यांना कुठून कळावं?

सोमवारी शाळा सुटताना दीपिका फाटकाशी येऊन थांबली. ही भिवराबाईची नात, गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. लातूरला नर्सिंगला नंबर लागला होता, बुधवारी हजर व्हायचं होतं. फॉर्म गुरुजींनी भरलेला, आजीची समजूतही त्यांनीच ओट्यावर बसून बसून घातलेली. पोरीचे डोळे सुजले होते.

"सर, आजी न्हाई म्हनायली."

"अगं, कबूल झाल्या होत्या की."

"काल मनात धरून बिरोबाला गेली हुती. देवळातून निघाल्यावर पहिला शबूद कानावर पडल तो देवाचा, असं हाय आमच्यात. वाटंत कुनी बोललंच न्हाई. आन् तुमच्या खिडकीखाली आली तर..." पोर खाली बघू लागली. "सर, तुमच्या अंगात येतंय व्हय?"

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तिथंच त्यांनी चूक केली. म्हणाले, "ते प्रशिक्षणात नाटक बसवायलोत आम्ही. सांग आजीला."

दीपिका जाऊन परत आली. आजीचं म्हणणं, देव नाटकातूनबी बोलतो.

संध्याकाळी घरी आले तर बातमी गावभर झालेली, ओट्यावर शेजारची कमलबाई नारळ घेऊन बसलेली. सुनेला दिवस जाईनात. तिच्यामागं म्हैस आटलेला एक जण, त्याच्यामागं बोअरला पाणी लागेल का विचारायला आलेला दुसरा. गुरुजी मागच्या दारानं आत शिरले. राजेश्रीबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.

"सांगून टाका आता. एका पोरीचं नशीब हाय."

"काय सांगू? चाळिशी उलटलेला माणूस शाल पांघरून खेळतो म्हणून? पोरं फळ्यावर चित्रं काढतील माझी."

"अन् बुवा म्हनून काढली तर चालतील?"

स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय, ते गुरुजींना त्या रात्री पुरतं कळलं. बुवा ठरण्यापेक्षा आपल्याला खेळगडी ठरायचीच भीती जास्त वाटते आहे, हे कळलं तेव्हा तर ते अर्ध्या भाकरीवरून उठले.

सकाळी त्यांनी शेवटची पळवाट करून पाहिली. भिवराबाईला म्हणाले, "मावशी, पुन्हा एकदा कौल घेऊन बघा. या वेळी चांगला लागेल."

"देवाला दोनदा इचारत्यात व्हय, गुर्जी? शिकल्यालं मानूस तुमी."

झालं. मग गुरुजींनी शाल घेतली, फासा घेतला, फोन घेतला आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर मेंढ्यांच्या वाड्यापुढं उभे राहिले. बघता बघता गाव जमलं. भिवराबाई बाजेवर बसली होती, तिचा नवरा रायभान काठीवर हनुवटी टेकून उभा. गुरुजींनी शाल पांघरली. भक्तांनी हात जोडले.

"हात खाली करा," गुरुजी म्हणाले. "हा खेळ आहे. मी खेळतो. प्रशिक्षण-बिशिक्षण काही नाही. मी खोटं बोललो."

कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा गुरुजींनी बालाजीला फोन लावून स्पीकर चालू केला. बालाजीला काय कल्पना, तो आपला गडगडला, "बोला महादीपक! गुहेतली चेटकीण आपल्या पायाशी लोळतेय. जाळू की ठेवू?"

एक मेंढी तेवढी खोकली.

"चेटकीन कोन?" रायभाननं विचारलं.

"बालाजीच."

"आन् त्यो कोन?"

"रेल्वेत आहे. पूर्णेला."

रायभाननं काठी या हातातून त्या हातात घेतली. "पगार हाय का त्याला?"

"आहे."

"मंग असं काहून करायलाय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा वाडाच हसला. कमलबाई नारळ पदराखाली घेऊन निघून गेली. गुरुजींचे कान तापले, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं, पण ते हलले नाहीत. "मावशी," ते म्हणाले, "तो शब्द देवाचा नव्हता, माझा होता. चूक माझी. पोरीला अडवू नका."

भिवराबाई मात्र हसली नव्हती. तिनं बाजेखालची पिशवी ओढली, चिमूटभर भंडारा घेतला आणि उठून गुरुजींच्या कपाळाला फासला.

"समद्या गावाम्होरं कबूल केलंव, तवा माफ. पोर जाईल उद्या. पर दंड भरावा लागंल. आयतवारी दुपारी दीपीच मेंढरं राखायची. आता तुमी राखायची."

महादीपकानं मान खाली घालून प्रायश्चित्त घेतलं. बुधवारी दीपिका एसटीनं गेली, आणि रविवारी गुरुजी माळावर गेले. एका हातात काठी, कानाला फोन. ऊन होतं म्हणून शाल डोक्यावर घेतली होती. लपवायचं आता काही उरलंच नव्हतं. रस्त्यानं जाणारी पोरं "महादीपक महाराज की" म्हणत, आणि "जय" म्हणायच्या आत पळून जात.

दिवस कलताना भिवराबाई मेंढरं न्यायला आली. गुरुजींना घाईघाईनं फोन खिशात घालताना तिनं बघितलं. जरा वेळ घुटमळली.

"गुर्जी, त्या खेळातल्या पोरीचं काय झालं? गेली का ती?"

"नाही. गडावरच बसलीय. महादीपकाचा शब्द मागं घेता येत नाही."

"माज्या दीपीला तर धाडलंव तुमी," भिवराबाई म्हणाली. "त्या पोरीनं काय पाप केलंय?"

गुरुजींनी फोन काढला. बालाजीला सांगितलं, महादीपक शब्द मागं घेतो, पोरीला जाऊ दे. पलीकडून बालाजी बराच वेळ नियम सांगत होता. गुरुजी नुसतं हूं हूं करत राहिले आणि शेवटी त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हनला?"

"पोर गेली. पण मला काढलं पीठावरून. पुन्हा वातवळ्या केलं. वाती वळायच्या, बोलायचं नाही."

भिवराबाईनं मेंढरांना हाळी दिली आणि चालता चालता म्हणाली, "वळा की मंग. कापसाला काय तोटा हाय आपल्याकडं."