माघार नव्हे, फळी आखडती

दामलेकाकांच्या डायनिंग टेबलावर जेवता यायचं नाही, कारण तिथे जर्मन पायदळाचा मुक्काम असायचा. तूरडाळ म्हणजे जर्मन, मसूर म्हणजे रशियन, बुटाची नाडी म्हणजे नदी. युद्ध पहिलं महायुद्ध. सुनंदाकाकू बिचाऱ्या सोफ्यावर मांडीत ताट घेऊन जेवायच्या. एकदा मी मदत म्हणून ओल्या फडक्याने ते टेबल पुसलं आणि दोन डिव्हिजनी सिंकमध्ये वाहून गेल्या. काका पांढरेफटक पडले. मग सावरून म्हणाले, "हरकत नाही. ही माघार नव्हे, आघाडीची फळी आखडती घेतली."

हे त्यांचं पालुपद. टॉयलेट पेपर संपला म्हणून दुकानातून रिकाम्या हाताने परतले, तरी फळी आखडती. झाडावरच्या मॅगपाय पक्ष्याने टकलावर झडप घातली आणि हे फाटकातूनच घरात पळाले, तरी फळी आखडतीच!

इथे परदेशात, गिरावीन या उपनगरात आमच्या शेजारी येण्याआधी काका इथल्याच कालगुर्ली गावच्या सोन्याच्या खाणीत पंपांचे इंजिनियर होते. सैन्याशी संबंध एनसीसीपुरता, तोही बुटाने फोड आल्यामुळे आठवड्यात सुटला. पण तिथल्या ऑपशॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, जुन्या कपड्यांच्या ढिगाखाली त्यांना एका जर्मन जनरलचं जाडजूड चरित्र सापडलं, आणि तेव्हापासून काका त्याच्या हाताखाली आहेत. जनरलचं नाव एवढं लांब की काकांना ते अजून धड उच्चारता येत नाही.

"नावाचं काय घेऊन बसलीस? हुद्दा बघ! पायदळाचा जनरल! बारा वर्षं लेफ्टनंट म्हणून कुजला, गुडघ्यात गोळी घेतली, तरी घोड्यावर बसला नाही. आणि माघार? शब्दच माहीत नाही त्याला."

शेवटच्या प्रकरणाला मात्र कपड्यांचा चिमटा लावलेला होता. "त्यात सगळी पलटण साथीच्या तापाने आडवी होते म्हणे," काकूंनी मला एकदा हसत सांगितलं. "तिथवर आले आणि लावला चिमटा. घाबरट आहे गं आमचा जनरल!"

मग काकू बहिणीकडे पुण्याला गेल्या आणि मागे इकडची बॉर्डर बंद झाली. वर्ष गेलं. पुण्यात ती मेली दुसरी लाट आली, इकडे भारतातून येणारी विमानंच थांबवली, आणि एके दिवशी कळलं, काकूंना ऑक्सिजनवर ठेवलंय.

माझेही आईवडील तिकडेच. वर्क फ्रॉम होम होतं, म्हणून रोज तीनच्या सुमाराला मी काकांकडे जाऊन बसायची. तेव्हा हॉस्पिटलमधली नर्स व्हिडिओ कॉल लावून द्यायची. काकू मास्कमागून नुसत्या बघायच्या आणि काका ओरडायचे, "टिकून राहा, सुनंदा! फळी सोडायची नाही! एक इंचही नाही!" मला तर त्यांचा रागच यायचा. अहो, बाईला धड श्वास घेता येत नाहीये, तिला कसले हुकूम सोडताय!

एक दिवस तीन वाजले, साडेतीन वाजले, फोन आला नाही. चार वाजले. काका टेबलाशी बसून होते. समोर पुस्तक उघडं, आणि चिमटा बाजूला पडलेला.

"वाचलं," ते म्हणाले. "अर्धी पलटण तापाने गेली. वरून हुकूम होता, जागा सोडायची नाही. आणि आमच्या जनरलने काय केलं ठाऊक आहे? उरलेली पोरं घेतली आणि चालत घरी आणली. माघार घेतली त्याने. आणि मी तिला रोज सांगतोय, जागा सोडू नकोस म्हणून. त्या पलंगावर! एकटीला!"

तेवढ्यात फोन वाजला. दोघांपैकी कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी मीच घेतला. नर्स म्हणाली, सिलिंडर यायला उशीर झाला होता, आत्ता पेशंट स्थिर आहेत. पडद्यावर काकूंचे डोळे दिसले.

काकांनी फोन माझ्या हातून घेतला. मग एवढ्या हळू बोलले की मला जेमतेम ऐकू आलं. "सुनंदा, मला फार भीती वाटते गं. माघारी ये."

काकूंनी मास्क जरासा उचलला. "टेबल... आवरून ठेवा," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी काकांनी दोन्ही सैन्यं एका पातेल्यात भरली आणि कुकर लावला. टेबलावर दोन ताटं मांडली, एक आपलं, एक पालथं. पुढे काकू हॉस्पिटलमधून बहिणीच्या घरी गेल्या, बऱ्या झाल्या, पण विमानं सुरू व्हायला कितीतरी महिने लागले. ते ताट रोज तसंच पालथं असायचं.

काकू आल्या तेव्हा मीही तिथेच होते. त्यांनी बॅग खाली ठेवली, ताट सुलटं केलं आणि रिकाम्या टेबलाकडे बघत विचारलं, "हे काय? तुमचे जर्मन कुठे गेले?"

"घरी गेले," काका म्हणाले, आणि वरण वाढायला उठले.