गूळचुन्याचा बंब

थेंब आधी मोहरीएवढा दिसे, मग हरभऱ्याएवढा फुगे आणि बंबाच्या आतल्या नळीवरून घसरून निखाऱ्यावर चुर्र करी. पाणी तापेल तशी ही चुरचुर वाढे, आणि पाणी आंघोळीजोगं होण्याआधीच विस्तव विझे. अंजनाबाई हे कैक दिवाळ्या बघत होत्या आणि सांगतही होत्या.

"अवो, नवा बंब आणा की. तांबट म्हणतोय, डाग द्यायला मूळचं तांबंच उरलं न्हाय."

"महाराज गादीवर बसले त्या साली घेतलाय त्यो," पार्श्वनाथ म्हणत. "महाराज बदलले काय? मग बंब कशापायी बदलायचा?"

पण यंदा लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावई नेमगोंडा इचलकरंजीहून आले होते. पहिल्या आंघोळीला त्यांच्या अंगावर गार पाणी पडलं, तर लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. अंजनाबाईंनी हट्टच धरला, तेव्हा आदल्या दिवशी पार्श्वनाथांनी चुन्यात गूळ खलून नळीला स्वतः आतून जाड लेप दिला.

"विहिरी बांधत्यात ह्यानं! बंब काय घेऊन बसलीस?"

पहाटे लेप कडक वाळला होता. एक थेंब गळेना. नेमगोंडा अंगभर तेल चोपडून पाटावर बसले. अंजनाबाई विस्तव घेऊन वाकल्या आणि तशाच थांबल्या. नळी आतून मुंग्यांनी काळी झाली होती.

पाणी गाळल्याशिवाय घोट न घेणारं जैनाचं घर! तिथं बंब पेटवणार कोण? चुलीवर हंडा ठेवावा, तर मुंग्यांची रांग चुलीच्या भेगेतूनच निघालेली. म्हणजे चूलही गेली.

"वाईच साखर टाक बाहेर. येतील त्या," पार्श्वनाथ म्हणाले.

साखर टाकली. नळीतल्या मुंग्या हलल्या नाहीत. उंबऱ्याकडून मात्र आणखी एक रांग आली.

"मामी, दिस उगवला की वो," नेमगोंडा कुडकुडत म्हणाले. "आडावर जाऊन येऊ काय?"

"न्हाय न्हाय! बसा जावईबापू, हलू नगासा!"

पण ते गेलेच. आडावर घागर ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जावयांची किंकाळी. अंजनाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"ऐकलंसा? झालं समाधान?"

पार्श्वनाथांनी काहीच ऐकलं नव्हतं. ते कंबरेत वाकून नळीत डोकावत होते. लेपाच्या भेगेत मुंग्यांनी पांढरी अंडी आणून ठेवली होती. नवऱ्याचा इतका हळवा चेहरा अंजनाबाईंनी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"अगं," ते हळूच म्हणाले, "संसार मांडलाय गं त्यांनी. ऱ्हाऊ दे ह्यो त्यास्नी. आपण नवा बंब आणू."